संकेतस्थळ बाईंना वाचता येत नाही. काम कोणाकडे सोपवावे?

प्रश्न: फोंडा तालुक्यातील एका जुन्या मराठी वाचनालयाची मी कार्यवाह आहे. चार वर्षांपूर्वी आम्ही संकेतस्थळ सुरू केले. त्यावर पुस्तकांची यादी, सभासदत्वाचा अर्ज, व्याख्यानमालेचे व्हिडिओ आणि वार्षिक स्मरणिकांच्या पीडीएफ प्रती आहेत. गेल्या महिन्यात आमच्या एका ज्येष्ठ सभासद बाईंचा फोन आला. त्या निवृत्त शिक्षिका आहेत, मधुमेहामुळे त्यांची दृष्टी गेली आहे आणि आता त्या मोबाइलच्या आवाजावर वाचतात. गावच्या शाळेवर त्यांनी स्वतः लिहिलेला, 1996 च्या स्मरणिकेतला चार पानांचा लेख त्यांना ऐकायचा होता, पण तो उघडल्यावर फोन गप्पच राहतो असे त्या म्हणाल्या. मी चौकशी केली तेव्हा दोन कंपन्यांची उत्तरे आली. एक म्हणते, संकेतस्थळात कोडची एक ओळ घाला, दोन दिवसांत ते दिव्यांगांसाठी पूर्ण सुगम्य होईल आणि प्रमाणपत्रही देऊ. दुसरीने आधी तपासणी आणि मग दुरुस्ती असे अंदाजपत्रक दिले आहे, त्याची रक्कम आमच्या वर्षाच्या पुस्तकखरेदीहून अधिक आहे. कार्यकारिणीतील काही जण विचारतात की असे वाचक आपल्याकडे आहेत तरी किती. कोणावर विश्वास ठेवावा? गोव्यात हे काम जाणणारे कोणी आहे का? आणि बाईंना मी काय सांगू?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आपण बाईंचा फोन तक्रार म्हणून बाजूला न ठेवता त्याचा पाठपुरावा केलात, याचा मला मनापासून आनंद झाला. पहिल्या कंपनीला नकार कळवावा आणि दुसऱ्या कंपनीला अजून होकार देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामागची कारणे सविस्तर लिहितो, कारण ती समजली की तिसरी, चौथी कंपनी दारात आली तरी तिला काय विचारायचे हे आपल्याला ठाऊक असेल.

कोडची एक ओळ घातल्यावर संकेतस्थळाच्या कोपऱ्यात एक छोटे चिन्ह दिसू लागते. त्यावर दाबले की अक्षरे मोठी होतात, रंग बदलतात, कधी यांत्रिक आवाजात मजकूर वाचलाही जातो. पाहणाऱ्याला हे प्रभावी वाटते. परंतु जी व्यक्ती पाहू शकत नाही, तिच्या फोनमध्ये किंवा संगणकात वाचून दाखवणारी स्वतःची सोय आधीपासूनच असते. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक असते, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर असते आणि विंडोजच्या संगणकावर अनेक जण एनव्हीडीए वापरतात. यांना स्क्रीन रीडर म्हणतात. बाई बँकेचा निरोप, नातवंडांचे संदेश आणि वर्तमानपत्र याच आवाजावर वाचत असतील. आपले संकेतस्थळ त्या आवाजाला समजेल असे बांधलेले नसेल, तर त्यावर आणखी एक आवाज चढवून काहीच साधत नाही. उलट दोन आवाज एकमेकांत मिसळून गोंधळ वाढतो. स्मरणिका मुळात छायाचित्र असेल, तर कोडची ती ओळ तिचा मजकूर कोठून आणणार? जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, आपले साधन कोणतेही संकेतस्थळ आपोआप निकषांत बसवते असा दावा करणाऱ्या एका कंपनीवर 10 लाख डॉलर भरण्याची कारवाई केली, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो आदेश कायम झाला. आपल्याला आलेल्या पत्रातले आश्वासन जवळजवळ त्याच शब्दांत आहे.

आता आपल्या संकेतस्थळावरील ज्या भागात खरी अडचण आहे, त्या स्मरणिकांकडे वळतो. मराठी संस्थांचे काम नेमके येथेच अडते, आणि बाहेरच्या कंपन्यांना ही गोष्ट अनेकदा माहीतच नसते. आपल्या पीडीएफ प्रती तीन प्रकारच्या असणार. जुन्या स्मरणिका छापील अंकावरून स्कॅन केलेल्या असतील, म्हणजे ती पानांची छायाचित्रे आहेत आणि त्यांत संगणकाच्या दृष्टीने एकही अक्षर नाही. बाईंचा फोन गप्प राहिला तो त्यामुळे. त्यानंतरच्या काळातल्या स्मरणिका डीटीपीवाल्याने पेजमेकरमध्ये श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात जुळवलेल्या असतील. त्या डोळ्यांना सुबक मराठी दिसतात, पण आत साठवलेली अक्षरे रोमन लिपीतली असतात आणि फाँट त्यांना फक्त मराठीचा पोशाख चढवतो. तिसरा प्रकार युनिकोडचा, म्हणजे मराठी अक्षर संगणकात मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीचा. हा सर्वांत चांगला असला तरी निर्दोष असतोच असे नाही.

दुसऱ्या प्रकाराचा अनुभव मी म्हापशाला एका दृष्टिहीन मित्राच्या शेजारी बसून घेतला आहे. एका संस्थेच्या दिवाळी अंकाची पीडीएफ त्याने उघडली होती. पडद्यावर मला अग्रलेखाचा सुंदर पहिला परिच्छेद दिसत होता, आणि त्याच्या संगणकातून मात्र "एस, डॉलर, कंस सुरू, कॅपिटल यू, टक्के, अल्पविराम" असे काहीतरी सलग ऐकू येत होते. त्याने मिनिटभर ऐकले, खालच्या बाणाची कळ दहा-बारा वेळा दाबून पुढे काही बरे लागते का ते पाहिले आणि शांतपणे फाइल बंद केली. अंक चांगला होता का, असे मला विचारून तो पुढच्या कामाला लागला. त्या संस्थेने आपला अंक ऑनलाइन सर्वांसाठी खुला आहे असे जाहीर केले होते आणि तसे जाहीर करताना तिच्या मनात खोट नव्हती. कोणी ऐकून पाहिले नव्हते, एवढेच.

आपल्याकडच्या फाइली कोणत्या प्रकारच्या आहेत हे आपण स्वतः दोन मिनिटांत ओळखू शकता. पीडीएफ उघडून एक ओळ निवडण्याचा प्रयत्न करा. निवडता येत नसेल तर ती छायाचित्र आहे. निवडता आली, तर ती ओळ कॉपी करून ईमेलमध्ये चिकटवा. तेथे रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोळा उमटला तर फाँट जुना आहे. मराठी उमटले तर फाइल युनिकोडमध्ये आहे, पण तरीही काना-मात्रा नीट पाहा. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या डावीकडे आणि उच्चारली जाते नंतर. पीडीएफ तयार करताना काळजी घेतली नसेल तर ती अक्षराच्या आधीच साठवली जाते, आणि मग "निसर्ग" हा शब्द ऐकणाऱ्याला ओळखू येत नाही. रफाराचेही तसेच होते. दोन स्तंभांत छापलेल्या पानावर डाव्या स्तंभातली अर्धी ओळ आणि उजव्यातली अर्धी ओळ एका दमात वाचली जाते, तो प्रकार वेगळाच. या कारणांमुळे माझा आग्रह असा की मराठी मजकुरासाठी पीडीएफला अडून बसू नये. ईपब या ई-पुस्तकाच्या स्वरूपात किंवा संकेतस्थळाच्या पानावर साधा मजकूर म्हणून दिलेला लेख फोनवर कितीतरी अधिक खात्रीने वाचला जातो, आणि पाहू शकणाऱ्या वाचकालाही मोबाइलवर पान ताणत बसावे लागत नाही.

येथून सेवा निवडण्याचा मार्ग सापडतो. कंपनीचे माहितीपत्रक, ग्राहकांची यादी, प्रमाणपत्राचा नमुना, हे सर्व बाजूला ठेवा आणि जो कोणी काम मागेल त्याला आपल्याच घरातले तीन अवघड नमुने द्या: 1996 च्या स्मरणिकेची चार पाने, जुन्या फाँटातली एखादी दोनस्तंभी चार पाने आणि सभासदत्वाचा अर्ज. नमुन्याच्या कामाचे पैसे द्यावेत. फुकट करून मागू नये, कारण नीट केलेल्या कामाला वेळ लागतो. परत आलेले काम बाईंच्या फोनवर बाईंनीच ऐकावे आणि पुरे झाले की नाही ते त्यांनी सांगावे. मराठी न कळणाऱ्या तंत्रज्ञाने केलेले काम तपासण्याच्या यंत्रात उत्तीर्ण होते आणि मराठी वाचकाच्या कानाला नापास होते, असे मी वारंवार पाहिले आहे.

कानाला नापास होणे म्हणजे काय, याचे एक-दोन नमुने सांगतो, म्हणजे ऐकताना कशाकडे लक्ष द्यावे ते कळेल. संकेतस्थळाच्या पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नोंदवावे लागते. ते राहून गेले आणि फोनचा नेहमीचा आवाज हिंदी असला, तर आकड्यांत लिहिलेला "25" हा अंक "पंचवीस" ऐवजी "पच्चीस" असा ऐकू येतो. गोव्यात एकाच संकेतस्थळावर मराठी, कोकणी आणि इंग्रजी मजकूर असतो, म्हणून प्रत्येक भागाची भाषा स्वतंत्रपणे नोंदवणे येथे अधिकच गरजेचे आहे. दुसरा नमुना जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये नेण्याचा. हे काम सॉफ्टवेअर करते, पण अर्ध्या र च्या रूपांत ते हमखास चुकते. सह्याद्रीच्या "दऱ्या" जाऊन तेथे "दर्या" येतो, आणि आपल्या गोव्यात दर्या म्हणजे समुद्र असल्यामुळे वाक्य चुकले आहे हे लक्षातही येत नाही. म्हणून रूपांतरानंतर मराठी जाणणाऱ्या व्यक्तीने मुद्रितशोधन करणे हा कामाचा भाग असला पाहिजे, आणि ते कोण करणार हे कंपनीने आधी सांगितले पाहिजे. कंपनीकडे तशी व्यक्ती नसेल तर ते काम वाचनालयाने स्वतःकडे घ्यावे. आपल्या सभासदांत शुद्धलेखनाची नजर असलेले दोन-चार जण नक्कीच असतील.

गोव्यात हे जाणणारे कोणी आहे का, असे आपण विचारले आहे. येथे मी दुकानदार शोधण्याआधी वापरणारे शोधा असे सुचवेन. सांताक्रूझ येथे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडची गोवा शाखा आहे. आपल्या अगदी जवळ, ढवळीला लोकविश्वास प्रतिष्ठान दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचे काम करते. डिसॅबिलिटी राइट्स असोसिएशन ऑफ गोवा ही संघटना हक्कांच्या प्रश्नांवर सातत्याने बोलत आली आहे. या ठिकाणी आपले संकेतस्थळ दुरुस्त करून मिळेल असा माझा दावा नाही. पण स्क्रीन रीडर रोज वापरणारी माणसे तेथे भेटतील, आणि त्यांच्यापैकी एक-दोघांना मानधन देऊन आपल्या संकेतस्थळावर तासभर बसवले, तर कोणत्याही महागड्या अहवालाआधी अडचणींची खरी यादी आपल्या हाती येईल. मानधन अवश्य द्यावे. दिव्यांग व्यक्तीने आपला वेळ आणि कौशल्य सेवाभावाने द्यावे अशी अपेक्षा आपल्याकडे सहज केली जाते, ती मला योग्य वाटत नाही.

पणजीला पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाशीही बोलावे. 1832 सालची परंपरा असलेल्या या ग्रंथालयाने दृष्टिहीन वाचकांचा विचार केलेला आहे, आणि एका ग्रंथालयाने दुसऱ्याला सांगितलेला अनुभव आपल्या कार्यकारिणीला कंपनीच्या सादरीकरणापेक्षा लवकर पटेल. जानेवारी 2023 पासून राज्य दिव्यांगजन आयोगाच्या पुढाकाराने पणजीत पर्पल फेस्ट भरतो, ऑक्टोबर 2025 मध्ये तो आंतरराष्ट्रीय स्वरूपात झाला. पुढच्या वेळी आपण आणि आपले संकेतस्थळ सांभाळणारा मुलगा, दोघांनी एक दिवस काढून जावे. सहाय्यक साधने बनवणारे, सुगम्यतेचे काम करणारे आणि ती वापरणारे असे तिघेही एका ठिकाणी भेटण्याची अशी संधी इतर राज्यांतल्या वाचनालयांना इतक्या जवळ मिळत नाही.

गोव्याबाहेर पाहायचे झाले तर मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिहीनांसाठीचे संसाधन केंद्र 2003 पासून याच क्षेत्रात आहे आणि मराठी मजकुराची गरज त्यांना नव्याने समजावून सांगावी लागणार नाही. व्यावसायिक सेवा देणाऱ्यांत मुंबईचीच बॅरियरब्रेक ही जुनी कंपनी आहे. डेझी फोरम ऑफ इंडिया हे दृष्टिहीनांसाठी पुस्तके तयार करणाऱ्या संस्थांचे जाळे आहे. त्यांच्या सहभागाने ऑगस्ट 2016 मध्ये सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. छापील मजकूर वाचता न येणाऱ्या व्यक्तीला तेथे नोंदणी करून पुस्तके घेता येतात आणि त्यांत मराठी पुस्तकेही आहेत. बाईंचे नाव तेथे नोंदवून देणे हे आपल्या वाचनालयाने आजच हाती घेण्यासारखे काम आहे, त्यासाठी कोणत्याही कंपनीची वाट पाहण्याचे कारण नाही.

कोणाशीही बोलताना एक प्रश्न सुरुवातीलाच विचारा: आपण कोणत्या निकषांवर काम करता? उत्तरात डब्ल्यूसीएजी (संकेतस्थळांच्या सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष) 2.1 किंवा 2.2 आणि त्यातली डबल ए पातळी, अथवा आयएस 17802 हे भारतीय मानक यायला हवे. पहिले निकष जगभर मानले जातात, त्यांची 2.2 ही आवृत्ती ऑक्टोबर 2023 ची आहे. दुसरे मानक भारतीय मानक ब्यूरोचे आहे. नुसते "शंभर टक्के सुगम्य" असे उत्तर आले तर संभाषण तेथेच आवरते घ्यावे. त्यानंतर विचारा की तपासणी केवळ यंत्राने होते की दिव्यांग व्यक्तीही करतात. वेव्ह किंवा ॲक्ससारखी तपासणीची साधने फुकट मिळतात, ती आपला संकेतस्थळवाला मुलगाही चालवू शकतो. चित्राला पर्यायी वर्णन आहे की नाही एवढे यंत्र सांगते. शिगमोच्या चित्ररथाच्या छायाचित्राला "आयएमजी 4032" असे वर्णन दिले असले तरी ते समाधान मानते. ते वर्णन माणसानेच वाचायला हवे.

दुसऱ्या कंपनीच्या अंदाजपत्रकाबद्दल माझा आक्षेप रकमेवर नाही. तपासणी आधी आणि दुरुस्ती नंतर, हा क्रम बरोबरच आहे. परंतु वाचनालयाचे संकेतस्थळ म्हणजे बँकेचे संकेतस्थळ नव्हे. आपल्याकडे पानांचे पाच-सहाच साचे असतील, आणि एका साच्यात केलेली दुरुस्ती त्या साच्यातल्या सर्व पानांना लागू होते. तेव्हा प्रत्येक पानामागे दर लावलेला असेल तर तो साच्यांनुसार मागवावा, स्मरणिकांचा दर पानांनुसार आणि व्हिडिओंचा दर मिनिटांनुसार वेगळा मागवावा, आणि ही तीन कामे एकाच कंपनीला देण्याचे बंधन स्वतःवर घालून घेऊ नये. एवढे केल्यावर पहिल्या वर्षी काय करायचे आणि पुढे काय ढकलायचे हे आपल्याला ठरवता येईल. करारात काही गोष्टी लेखी असाव्यात. युनिकोडमधली मूळ फाइल वाचनालयाला मिळाली पाहिजे, केवळ तयार पीडीएफ नव्हे. दुरुस्तीनंतर दिव्यांग व्यक्तीकडून फेरतपासणी झाली पाहिजे आणि तिच्यात निघालेले दोष त्याच रकमेत निस्तरले पाहिजेत. आपल्या संकेतस्थळवाल्या मुलाला दोन दिवसांचे प्रशिक्षण मिळाले पाहिजे. या शेवटच्या कलमाला मी फार महत्त्व देतो. ते नसेल तर दुरुस्त झालेल्या संकेतस्थळावर पुढच्याच महिन्यात वार्षिक सभेची सूचना छायाचित्र म्हणून चढते आणि बाई पुन्हा बाहेर राहतात.

या सूचनांबद्दल थोडे अधिक लिहावेसे वाटते. आपल्या सर्वच संस्था हल्ली निमंत्रणपत्रिका, शोकप्रस्ताव, स्पर्धेचे नियम, सारे काही रंगीत छायाचित्र म्हणून व्हॉट्सॲपवर आणि संकेतस्थळावर टाकतात. सजावट जरूर असावी, पण त्याखाली तोच मजकूर टाइप करून द्यावा, एवढा नियम कार्यकारिणीने आजच केला तर त्याला एक रुपयाही लागत नाही. तसाच सभासदत्वाचा अर्ज. त्यातल्या रिकाम्या चौकटींना कोडमध्ये नावे जोडलेली नसतील, तर स्क्रीन रीडर नुसते "चौकट, रिकामी, चौकट, रिकामी, बटण" असे म्हणत जातो आणि नाव कोठे लिहायचे व दूरध्वनी कोठे, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. वेडीवाकडी अक्षरे ओळखा असे चित्रातले कोडे अर्जाच्या शेवटी असेल तर ते काढून टाकावे. ही दुरुस्ती आपला संकेतस्थळवाला मुलगा एका दुपारी करू शकेल. यापुढच्या स्मरणिकेचा मजकूर वर्डमध्ये युनिकोडमध्येच जुळवावा, शीर्षकांसाठी अक्षर नुसते ठळक न करता शीर्षकाची शैली वापरावी, आणि डेझी कन्सोर्टियमच्या वर्डटूईपब या मोफत साधनाने ईपब तयार करावा. छपाईवाल्याला अंक त्याच्या पद्धतीने सजवू द्यावा, वाचकासाठीची प्रत आपली आपण करावी.

व्याख्यानांच्या व्हिडिओंना उपशीर्षके हवीत, ती कर्णबधिर वाचकांसाठी. यंत्राने काढलेली उपशीर्षके कच्चा खर्डा म्हणून घ्यायला हरकत नाही, पण गोव्यातला वक्ता एका वाक्यात मराठी, कोकणी आणि एखादा पोर्तुगीज शब्द सहज आणतो, गावांची आणि देवस्थानांची नावे घेतो, आणि यंत्र तेथे भलतेच लिहून मोकळे होते. त्यामुळे दुरुस्ती आवश्यक आहे. सांकेतिक भाषेतील दुभाषा हवा असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेली व्यक्ती घ्यावी. पहिल्याच वर्षी सर्व व्हिडिओंसाठी हे झेपणार नाही. सर्वाधिक पाहिली जाणारी पाच व्याख्याने निवडावीत.

कार्यकारिणीतील प्रश्न राहिला: असे वाचक किती? 2011 च्या जनगणनेत गोव्यात सुमारे 33 हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली, आणि तेव्हा अपंगत्वाचे प्रकार मोजकेच धरले होते. 2016 च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाने 21 प्रकार मान्य केले आहेत. परंतु मला विचाराल तर सभासदांना आकडा सांगण्यापेक्षा आपल्याच नोंदवहीतील साठी ओलांडलेली नावे मोजून दाखवा. मधुमेह, काचबिंदू, कमी होत जाणारे ऐकणे, थरथरणारा हात, यांपैकी काहीच ज्यांच्या घरात नाही असे किती सभासद आहेत? बाई जन्मतः दृष्टिहीन नव्हत्या. त्या आपल्या वाचनालयात वर्षानुवर्षे डोळ्यांनी वाचत होत्या, आणि त्यांचे वाचणे थांबलेले नाही, फक्त आपल्या दारातून त्यांना आत येता येत नाही.

कायद्याची बाजूही त्यांना सांगावी, धाक म्हणून नव्हे तर माहिती म्हणून. 2016 चा हा दिव्यांगजन हक्क अधिनियम एप्रिल 2017 मध्ये लागू झाला आणि त्याच वर्षीच्या नियमांत, संकेतस्थळावरील दस्तऐवज ईपब किंवा मजकूर ओळखता येईल अशा पीडीएफमध्ये असावेत असे म्हटले होते. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे ठेवणे कायद्याला धरून नाही असे ठरवून सक्तीचे निकष करण्यास केंद्राला सांगितले, आणि दुसऱ्या एका प्रकरणातील 30 एप्रिल 2025 च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या अनुच्छेद 21 मधील जीवनाच्या हक्काचा भाग मानला. आपण आज स्वतःहून करत आहात ते उद्या प्रत्येक संस्थेला करावे लागेल, अशी या निर्णयांची दिशा आहे.

स्मरणिकांतल्या लेखांच्या स्वामित्वहक्काची शंका कोणी काढील. 2012 च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यातच दिव्यांग व्यक्तींसाठी सुगम्य प्रत करण्यास मुभा आहे. ना-नफा तत्त्वावर काम करणाऱ्या संस्थेला दिव्यांग वाचकांना ती देता येते, मात्र ती बाजारात जाणार नाही याची काळजी घ्यावी लागते. तीच प्रत सर्वांसाठी संकेतस्थळावर ठेवायची असेल तर लेखकाची किंवा वारसांची संमती घ्यावी. बाईंच्या बाबतीत तर लेखक त्याच आहेत.

म्हणून त्यांना उत्तर देण्यासाठी कार्यकारिणीच्या ठरावाची गरज नाही. त्या चार पानांची फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा, छायाचित्रातला बराचसा मजकूर अक्षरांत येईल. मग छापील अंक शेजारी ठेवून, शाळेतल्या माणसांची नावे विशेष लक्ष देऊन, ओळ अन् ओळ दुरुस्त करा. एका संध्याकाळचे काम आहे. तो मजकूर बाईंना ईमेलने पाठवा, त्यांना फोन करा, आणि त्यांच्या फोनने तो कसा वाचला, कोठे अडखळला, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. कंपनीला द्यायच्या कामाचा पहिला कागद तोच ठेवावा.